जुन्या इंजिनाचा श्वास

गेल्या मार्गशीर्षात घोलवडच्या एका चिकूच्या वाडीवरून निरोप आला, ‘जीपचा निकाल लावायचाय, साहेबांनी येऊन जावे.’ मला बँक सोडून बरीच वर्षे झाली. डहाणूत लोक अजून साहेब म्हणतात, त्यात माझ्या कर्तबगारीपेक्षा त्यांच्या सवयीचा भाग अधिक आहे. मी कादंबऱ्या लिहितो हे इथे फारसे कुणाला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे ते त्याविषयी सहानुभूतीने बोलतात. असो. जीपशी माझा संबंध एवढाच, की १९९३ साली तिच्या कर्जाच्या कागदांवर शाखेचा अधिकारी म्हणून माझी सही होती. कर्ज वेळेत फिटले, जीप वाडीवर राहिली. वाडीचे मालक तेव्हा पन्नाशीचे होते, आता ऐंशी ओलांडून गेले. त्यांना मी भाऊ म्हणतो. त्यांचा नातू वापीला एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि भांडण आजोबा-नातवात होते.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०. तिच्यात प्यूजोच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेले डिझेल इंजिन आहे, एक्सडीपी ४.९०. या आकड्यांत एक गंमत आहे. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास नव्वद मिलिमीटर, म्हणून ४.९०. टाटांच्या ट्रकचे ६९७ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर आणि सत्त्याण्णव मिलिमीटर, इंडिकाचे ४७५ म्हणजे चार आणि पंचाहत्तर. बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसलो तेव्हा एका वयस्क ट्रकमालकाने मला ही बाराखडी शिकवली, आणि त्यानंतर कोटेशनमधले आकडे मला परके वाटले नाहीत. तर हे २११२ सीसीचे इंजिन नवे असताना बासष्ट घोड्यांचे होते. आता चिकूच्या पेट्या भरलेली ट्रॉली मागे लावून कोसबाडचा चढ चढताना ते धापा टाकते. दुसरा गिअर, मग पहिला, मागे काळा धूर, आणि रस्त्यावरची पोरे चालत पुढे जातात.

नातवाचे म्हणणे असे, की इंजिनाला हवा कमी पडते, ती जबरदस्तीने भरली पाहिजे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याने एक सुपरचार्जर बावीस हजारांना आणूनही ठेवला होता. मर्सिडीजच्या मागच्या बाजूला ‘कॉम्प्रेसर’ असे लिहिलेल्या गाड्या काही वर्षांपूर्वी आपल्याकडे दिसत, त्यातल्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा तो होता. तलासरीचा मिस्त्री म्हणत होता, सुपरचार्जर कशाला, डिझेलला टर्बोच पाहिजे, माझ्याकडे एक पडलाय. भाऊ म्हणत होते, दोन्ही नकोत, आहे तशी चालू द्या. मला बोलावले होते ते पंच म्हणून. बँकेचा माणूस तटस्थ असतो, असा एक गैरसमज खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे.

ज्यांच्या घरी गाडी आहे पण बोनेट उघडायची वेळ फक्त गाडी बंद पडल्यावर येते, अशा वाचकांसाठी थोडे मुळातून सांगतो. इंजिन जळते ते डिझेल आणि हवा दोन्हींवर. डिझेल आपण पैसे देऊन भरतो, हवा फुकट असते म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. साधे इंजिन पिस्टन खाली गेला की हवा आत ओढते, आपण श्वास घेतो तसेच. भाऊंचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर कागदोपत्री ते मिनिटाला सुमारे दोन हजार शंभर लिटर हवा ओढते. प्रत्यक्षात याहून कमी, कारण फिल्टर, नळ्या आणि झडपा वाटेत अडवतात. जेवढी हवा आत गेली तेवढेच डिझेल नीट जळणार. हवा अपुरी आणि डिझेल जास्त झाले, की काळा धूर. तेव्हा जास्त ताकद हवी तर एक उपाय मोठे इंजिन घेणे, आणि दुसरा, आहे त्याच इंजिनात हवा दाबून भरणे. लोहाराचा भाता हेच करतो. निखारे तेच, कोळसा तोच, पण भाता चालला की लोखंड लाल होते.

भात्याची उपमा मी उगाच दिलेली नाही. सुपरचार्जरचा एक मोठा प्रकार आहे रूट्स ब्लोअर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी त्याचे पेटंट १८६० साली घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. दोन लांबट लोळे एकमेकांना न शिवता गुंतून फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. त्याचा उपयोग झाला तो भट्ट्यांना वारा घालायला. पुढे हेच यंत्र इंजिनाच्या डोक्यावर बसले. मर्सिडीजने १९२१ मध्ये कॉम्प्रेसर लावलेल्या मोटारी विक्रीला काढल्या. जनरल मोटर्सने १९३८ पासून बनवलेल्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना तर ब्लोअरशिवाय श्वासच घेता येत नसे.

टर्बोचा बाप आल्फ्रेड ब्युखी हा स्विस अभियंता. त्याचे पेटंट १९०५ चे. त्याने पाहिले, की इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकापर्यंत पोचतो, एक तृतीयांश रेडिएटरमधून जातो आणि उरलेला गरम धूर होऊन सायलेन्सरमधून उडून जातो. या धुराच्या झोतात एक पंखा ठेवला, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा बसवला, की धूर पहिला पंखा फिरवील आणि दुसरा पंखा इंजिनात हवा भरील. कल्पना ऐकायला सोपी. पण हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याचे एक टोक लालबुंद तापते, त्यामुळे ती प्रत्यक्षात यायला वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना ब्युखीचा टर्बो लावला, आणि १७५० घोड्यांची इंजिने २५०० घोड्यांची झाली. टर्बो आधी समुद्रावर स्थिरावला, रस्त्यावर तो नंतर आला, हे लक्षात ठेवा. बोटीची एक गोष्ट पुढे यायची आहे.

दोहोंतला फरक मी भाऊंना ओटीवर बसून बँकेच्या भाषेत सांगितला. सुपरचार्जर पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असतो. इंजिन फिरले की तोही फिरतो, म्हणून पायाखालचा पेडल दाबताक्षणी हवा हजर. पण त्याची मजुरी इंजिनाच्या कमाईतूनच जाते. पगार हातात येण्याआधी हप्ता कापला जातो ना, तसे. आमच्या जीपवर तो जोरात चालला तर माझ्या हिशेबाने सात-आठ घोडे त्याच्याच पोटात जातील. टर्बो म्हणजे घरातली रद्दी विकून आलेले पैसे. जे वाया जाणारच होते त्यातून तो कमावतो. मात्र रद्दी साठल्याशिवाय रद्दीवाला येत नाही. धूर जोरात यायला लागेपर्यंत टर्बो झोपलेला असतो. पुणे-मिरज मार्गावर डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने ज्यांनी गाडी ओढताना पाहिली आहेत, त्यांना आठवेल, की ड्रायव्हरने जोर मागितला की आधी काळ्या धुराचा लोट येई आणि मग तो निवळे. डिझेल लगेच पोचले, टर्बोची हवा मागून आली. मधल्या वेळाचा तो धूर.

‘मग टर्बोच बरा की,’ भाऊ म्हणाले. फुकटचे कुणाला नको असते?

अगदी फुकट तोही नाही. धुराच्या वाटेत पंखा आला की इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो. रद्दीवाल्यालाही चहा पाजावा लागतो म्हणा. पण एकंदर हिशेबात डिझेलच्या बाबतीत टर्बो स्वस्त पडतो यात वाद नाही, आणि जगाने तो निकाल केव्हाच दिला आहे. तलासरीच्या पुढे अच्छाडच्या नाक्यावर पूर्वी ट्रकांच्या मैल मैल रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे थांबणे संपले. त्या रांगांत वीस वर्षांत झालेला बदल मी कानांनी ऐकला आहे. आधी नुसती घरघर होती, मग शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. २००० साली प्रदूषणाचे भारत स्टेजचे नियम सुरू झाले, पुढे कडक होत गेले, आणि साध्या श्वासाची मोठी डिझेल इंजिने हळूहळू दिसेनाशी झाली.

कामाप्रमाणे पाहिले तर मात्र नातवाच्या म्हणण्यातही अर्थ होता. वाडीतली जीप धावते कुठे? चिकूच्या झाडांमधून रांगते, वाळूतून निघते, ट्रॉली घेऊन पंधराशे फेऱ्यांवर चढ चढते. नेमक्या याच फेऱ्यांवर टर्बो पेंगतो आणि सुपरचार्जर जागा असतो. उलट बोटीचे इंजिन एकदा खाडीबाहेर पडले की तासन् तास एकाच वेगाने चालते. तिथे टर्बोला उशिरा जाग येण्याचे दुःखच नाही. पोराने हा विचार केला होता. त्याच्या वहीत आकडे होते आणि ते चुकीचे नव्हते. डोंगरावर हवा विरळ होते, तिथे टर्बो ती तूट भरून काढतो, हेही त्याने लिहिले होते आणि पुढे कंसात लिहिले होते, ‘आपण समुद्रसपाटीवर, लागू नाही.’ मला हा कंस फार आवडला.

पण एक हिशेब त्याने अर्धाच केला होता. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारून पाहिलेल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पस्तीस अंशांची हवा दीडपट दाबली, तर ती नव्वदीच्या पुढे जाते. तापलेली हवा फुगते. म्हणजे दीडपट मागून हातात पडते जेमतेम सव्वापट. नव्या गाड्यांत म्हणूनच वाटेत इंटरकूलर बसवतात. शिवाय हवा म्हणजे ताकद नव्हे. ताकद डिझेलची. नुसता टर्बो बसवला आणि मायकोच्या पंपाला हात लावला नाही, तर धूर कमी होईल, चढ तोच राहील. पंप वाढवला की चढ सोपा होईल, पण सिलिंडरमधली आग आणि दाब दोन्ही वाढतील. ते सोसायचे कुणी? पिस्टनने, बेअरिंगने, हेड गॅस्केटने, आणि तीस वर्षे चुन्याच्या पाण्यावर चाललेल्या रेडिएटरने.

प्यूजोने स्वतः याच घराण्यातल्या थोड्या मोठ्या, २३०४ सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून १९७९ मध्ये ‘६०४’ ही मोटार बाजारात आणली. कारखान्याने, सगळी प्रयोगशाळा हाताशी असताना, वाढवले किती? सत्तर घोड्यांचे ऐंशीच्या आसपास. एवढा संयम कारखान्याने पाळला, तर गॅरेजने किती पाळावा?

आणि बेंटलीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. साडेचार लिटरच्या त्यांच्या गाडीला सुपरचार्जर लावायची टूम एका शर्यतपटूने काढली. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ती मुळीच पसंत नव्हती. त्यांचे मत, जास्त ताकद हवी तर इंजिन मोठे करा. ब्लोअर लावला गेला आणि एकशे दहा घोड्यांचे एकशे पंचाहत्तर झाले. ती गाडी दिसायला इतकी देखणी, की आजही चित्रांत बेंटली म्हटले की तीच असते. १९३० च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्लोअरवाल्या गाड्या वाटेत बंद पडल्या. शर्यत बेंटलीनेच जिंकली, पण ती ब्लोअर नसलेल्या, साडेसहा लिटरच्या ‘स्पीड सिक्स’ने.

हे सगळे मी ओटीवर सांगत होतो तेव्हा नातू मध्येच म्हणाला, ‘साहेबकाका, तुम्हाला इंजिनातलं एवढं कसं काय माहीत?’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे उत्तर इथे लिहितो.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. डहाणूच्या किनाऱ्यावरचा एक मांगेला तांडेल आमच्या शाखेचा खातेदार होता. त्याच्या बोटीत ट्रकमधून काढलेले सहा सिलिंडरचे जुने इंजिन होते. तेव्हा अनेकांच्या बोटीत तसेच असे. नवे मरीन इंजिन त्याच्या आवाक्याबाहेर होते. कुणीतरी त्याला सांगितले, टर्बो बसव, बोट नवी होईल. चाळीस हजारांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मी तो बारकाईने तपासला. गॅरेजचे कोटेशन, दोन जामीनदार, सोसायटीचे पत्र, बोटीचा विमा, आधीच्या कर्जाची परतफेड. सगळे बिनचूक होते. शेऱ्यात मी लिहिले, ‘यामुळे बोटीची उत्पादनक्षमता वाढेल.’ उत्पादनक्षमता हा शब्द तेव्हा वरच्या कार्यालयाला आवडे.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली आणि पहिले पाच-सहा आठवडे त्याचे खरेच बरे चालले. इतरांच्या आधी तो मासळीच्या जागी पोचे, इतरांच्या आधी बंदराला लागे, आणि पहिल्या मासळीचा भाव तोच घेई. एकदा तो शाखेत पापलेट घेऊन आला. नियमाप्रमाणे मी ते नाकारले, आणि शिपायाने नियमाप्रमाणे ते घरी नेले. मग दिवाळी उलटल्यावर एका रात्री किनारा दिसेनासा झालेल्या अंतरावर इंजिन अडकले. पिस्टनचे डोके वितळून सिलिंडरला चिकटले होते. खलाशी चार, त्यात तांडेलाचा पंधरा वर्षांचा मुलगा. वारा सुटला होता. रात्रभर त्यांनी कंदील हलवत काढली आणि पहाटे दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणले. माणसे वाचली. हंगाम गेला. विमा बोट बुडाली तर होता, इंजिन जळले तर नव्हता. तोही कागद मीच तपासला होता.

नंतर उघडून पाहिले तेव्हा कळले, की बेअरिंगे आधीपासूनच झिजलेली होती आणि तेलाचा दाब कमी होता. टर्बोचा दांडा इंजिनाच्याच तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल कमी पडले की तो आधी स्वतः मरतो, आणि मरताना त्याचे तुकडे आणि तेल दोन्ही इंजिनात ढकलू शकतो. वर पंपाचे डिझेल मन मानेल तसे वाढवलेले, आणि थंड करायला अर्धी गंजून बुजलेली पाण्याची नळी. त्या इंजिनाला मुळात हवेची कमतरता नव्हती. ते झिजले होते.

जानेवारीत मी वसुलीला त्यांच्या घरी गेलो. तांडेल घरात नव्हता, त्याची बायको होती. तिने पाट दिला, चहा दिला. पैशांची काही सबब सांगितली नाही. मी उठताना तिने विचारले, ‘साहेब, कर्ज देण्याआधी तुम्ही इंजिन बघितलं होतं?’

मी बघितले नव्हते. शाखेपासून बंदर दहा मिनिटांवर होते.

हप्ते आम्ही लांबवून दिले. मुलगा शाळा सोडून वापीच्या एका कारखान्यात लागला. बोट पुढे भागीत गेली, मग विकली गेली. या तिन्ही गोष्टींना माझी सही एकटी कारण नव्हती, हे मी स्वतःला अनेकदा समजावले आहे. पण त्यानंतर इंजिनाचे कर्ज असले, की मी आधी गॅरेजात जाऊन बसू लागलो, आणि मिस्त्री लोकांनी कंटाळून मला बरेच शिकवले. एवढीच माझी विद्या.

म्हणून घोलवडला मी पंचाचा निकाल द्यायचे नाकारले आणि जीप तलासरीला नेऊ या म्हटले. हायवेच्या कडेला मिस्त्रीचे गॅरेज आहे. तो मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतो. आमच्या सीमेवर यात कुणाला काही वाटत नाही. टर्बो विकायला तो उत्सुक होता, पण माणूस सरळ. ‘पहले नाडी देखू,’ म्हणाला.

त्याने केले ते इतके साधे होते, की जुन्या गाडीत काहीही बसवू पाहणाऱ्या कुणालाही ते करता येईल. इंजिन गरम करून चालू ठेवले आणि तेल ओतायचे झाकण उघडले. झाकणातून फटफट वाफ येऊ लागली. सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली उतरत असल्याची ती खूण. मग तेलाच्या दाबाचा काटा लावला. थंड असताना ठीक, गरम होऊन मंद चालू लागल्यावर काटा खाली बसला. रेडिएटरचे पाणी गढूळ. शेवटी एकेक इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन मोजले. पहिला सिलिंडर सत्तावीस किलो, दुसरा सव्वीस, चौथा सव्वीस. तिसरा एकोणीस.

नातू काट्याकडे बघत राहिला. या इंजिनात हवा दाबून भरली असती तर ती तिसऱ्या सिलिंडरमधून सरळ तेलाच्या टाकीत उतरली असती. आणि सुपरचार्जर ती आणायची मजुरी इंजिनाकडूनच घेत राहिला असता.

मी आणखी एक गोष्ट काढली, जी दोघांनीही विचारात घेतली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात अशा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी कोणता प्रश्न आधी विचारील, हे सांगायला बँकेत नोकरी करावी लागत नाही. जीपची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. पुढची पाळी २०२८ ची. तेव्हा बोनेट उघडल्यावर आरटीओच्या निरीक्षकाला मर्सिडीजचा सुपरचार्जर काय म्हणून दाखवायचा?

‘मग सगळं सोडून द्यायचं?’ नातू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याला आजोबांची जीप भंगारात जायला नको होती, हे मला तेव्हा कळले. भाऊंना ती होती तशीच हवी होती आणि पोराला ती चालती हवी होती. भांडण सुपरचार्जरचे कधी नव्हतेच.

मी त्याला माझे मत सांगितले आणि इथेही तेच लिहितो. इंजिन निरोगी असेल, काम लांब पल्ल्याचे आणि एका वेगाचे असेल, कायदा आड येत नसेल, तर डिझेलला टर्बो. तोही कमी दाबाचा, इंटरकूलरसह, आणि पंपाला जाणत्या माणसाचाच हात लागलेला. थांबताना इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून मगच बंद करायचे, नाहीतर लालबुंद दांड्यावरचे तेल जळून त्याचा कोळसा होतो. सुपरचार्जर मी पेट्रोलच्या हौशी गाडीला देईन, ज्या गाडीला चढापेक्षा मालकाचा आनंद महत्त्वाचा आहे तिला. आणि झिजलेल्या इंजिनाला दोन्ही देणार नाही. आधी बोअर करा, रिंगा, पिस्टन, बेअरिंगे घाला, इंजेक्टर तपासून घ्या, रेडिएटर साफ करा. एवढे झाल्यावर चढ चढून पाहा आणि मग टर्बोचे बोला.

भाऊंनी विचारले, ‘खर्च?’ मिस्त्रीने आकडा सांगितला. तो सुपरचार्जर, त्याचा पट्टा, नळ्या आणि बसवणावळ यांच्या बेरजेपेक्षा थोडा कमीच होता. भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘भाऊ, यंदा मी इंजिन बघितलंय.’ त्यांना त्याचा संदर्भ ठाऊक नव्हता.

इंजिन खाली उतरवले तेव्हा तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली. ती कधी मोडली कुणास ठाऊक. एअर फिल्टरच्या डब्यात चिकूची वाळकी पाने आणि उंदराचे घरटे सापडले, म्हणजे हवा कमी पडते हे पोराचे निदान अगदीच खोटे नव्हते. संक्रांतीनंतर जीप परत आली. पहिले काही दिवस मिस्त्रीने हळू चालवायला सांगितले होते, ते भाऊंनी पाळले आणि नातवाने पाळले नाही. मग एका रविवारी ट्रॉलीत नेहमीच्या पेट्या भरून आम्ही तिघे कोसबाडला निघालो. चढाला नातवाने दुसरा गिअर टाकला आणि माथ्यापर्यंत तो बदलावा लागला नाही. धूर होता, पण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने तोंडाला रुमाल लावला नाही. तिसऱ्या गिअरवर मात्र ती चढली नसती, हे कबूल केले पाहिजे. बासष्ट घोडे आहेत, ते त्र्याहत्तर झालेले नाहीत.

माथ्यावर भाऊ खाली उतरले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने नातवाला म्हणाले, ‘त्या कुर्ल्याच्या माणसाला फोन लाव. ते यंत्र परत घेतो का विचार.’

तो परत घेत नाही. सुपरचार्जर वाडीच्या पडवीत गोणपाटात गुंडाळलेला आहे आणि नातू त्याच्यासाठी पेट्रोलची जुनी गाडी असलेले गिऱ्हाईक शोधतो आहे.